मनगटावर दोनदा

४ फेब्रुवारी, मंगळवार

डोळ्यांच्या डॉक्टरांनी आज स्पष्टच सांगून टाकलं. भिंगरीच्या डाव्या डोळ्याचा सरकलेला पडदा त्यांनी गेल्या महिन्यात शस्त्रक्रिया करून जागेवर बसवला. पण ती अशीच कानशिलावर बुक्क्या मारून घेत राहिली तर तो पुन्हा सुटेल, आणि मग डोळा वाचेल याची हमी ते देणार नाहीत. हे सगळं त्यांनी पेनाला टोपण लावता लावता सांगितलं. मी विचारलं, डोक्याला मऊ टोपी घातली तर? म्हणाले, घालाच, पण तो उपाय नव्हे. ती का मारून घेते ते शोधा.

का मारून घेते! ते कळलं असतं तर तुमच्या दाराशी कशाला आलो असतो, असं तोंडावर आलं होतं. पण लेकीने माझ्याकडे पाहिलं.

भिंगरी माझी नात. वय नऊ. बोलत नाही. पण कोणत्याही डब्याचं झाकण हाती द्या, टेबलावर असं गरगर फिरवेल की बघणाऱ्याला घेरी यावी. म्हणून भिंगरी, आणि हे नाव मी ठेवलं. लेक आणि जावई वेगळे झाले, तेव्हापासून म्हणजे ऑगस्टपासून मायलेकी माझ्याकडे आहेत. बायको गेल्यापासून घर मला खायला उठत होतं. आता घर बोलतं झालं. म्हणजे मी बोलतो, पण ऐकायला माणसं आहेत.

आधीच्या घरी भिंगरी इतकं मारून घेत नव्हती म्हणे. असेल. पण तिथे बिचारीशी बोलायला होतं कोण? सांभाळायला होती ती बाई अगदीच घुमी.

परतताना टॅक्सीत लेक म्हणाली, "बाबा, तुमच्याशी एक बोलायचं होतं." मी म्हटलं, बोल की. तेवढ्यात उजव्या हाताला जुनं स्टेडियम लागलं, आणि तिथल्या गेटवर दरवान मला एकदा आत सोडेना तो किस्सा तिला सांगायचा राहून गेला होता. तो संपेपर्यंत घर आलं.

हे लिहितोय (मला मोठ्याने बोलत लिहायची सवय आहे) तर पलीकडच्या खोलीतून धप् धप् ऐकू येतंय. उठतो.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

लेकीला कामावरच्या कोणीतरी एक बाई सुचवल्या. वर्तन-विश्लेषक. आज घरी येऊन गेल्या. चाळिशीच्या आतल्या, पायात खेळाडूंसारखे बूट, आवाज इतका हळू की दोनदा विचारावं लागलं.

त्यांचं म्हणणं असं, की माणूस जे वारंवार करतो त्यातून त्याला काहीतरी मिळत असतं, नाहीतर काहीतरी टळत असतं. भिंगरीला शब्द नाहीत, म्हणून ती बुक्कीने काहीतरी सांगते. काय सांगते ते आधी वाचायचं. मग तेच सांगायची दुसरी, न दुखणारी रीत तिला शिकवायची.

मला पटलं. मी त्यांना म्हटलं, आमच्याकडेही सामना संपल्यावर विश्लेषण असायचं! त्यांना माहीत नव्हतं, म्हणून सांगितलं की मी चौतीस वर्षं रेडिओवर खेळांचं धावतं समालोचन करत होतो. आमच्या धंद्यात पहिला नियम एकच, प्रक्षेपणात शांतता पडू द्यायची नाही. दोन क्षण गप्प राहिलात की ऐकणाऱ्याला वाटतं रेडिओ बंद पडला, आणि तो बटण पिळायला लागतो. काहीच घडत नसलं तरी गवताचं वर्णन करा, ढगांचं करा. आणि वाक्य कधी अर्धं सोडू नका.

त्यांनी विचारलं, भिंगरी मारायला लागली की तुम्ही काय करता? मी रीतसर सांगितलं. तिला जवळ घेतो आणि समालोचन सुरू करतो. "भिंगरी आता शांत होत आहे, श्रोतेहो, भिंगरीने डावा हात खाली घेतला आहे," असं. त्याने ती आधी जरा जास्तच मारते, पण मग मी स्वयंपाकघरात बर्फ आणायला जातो आणि येतो तोवर शांत झालेली असते. बर्फाचा धाक आहे तिला.

"बर्फ लावता मग?"

"वेळच येत नाही! आणेपर्यंत काम झालेलं असतं."

त्यांनी ते लिहून घेतलं. बायकोबद्दलही विचारलं, ती असताना घर कसं होतं वगैरे. मी म्हटलं, छान होतं, मी हॉलमध्ये बोलत असायचो आणि ती स्वयंपाकघरात. तिला भांडी घासायची भारी हौस, नळ सदा वाहता.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आज त्यांच्या केंद्रात. छोटी खोली, भिंतीत एका बाजूनेच दिसणारी काच. काचेमागे लेक आणि मी. मला बोलायची मनाई, पलीकडे ऐकू जातं म्हणे. हा म्हणजे माझ्यावर अन्यायच.

एकामागून एक चार डाव झाले, आणि पुन्हा तेच उलटसुलट क्रमाने. एकात भिंगरी एकटी. एकात बाई तिला मणी ओवायला लावतात, आणि तिने मारलं की मणी बाजूला करतात. एकात बाई मासिक चाळत बसतात, आणि तिने मारलं तरच वळून म्हणतात, "असं नको गं, लागेल ना." आणि एकात नुसता खेळ, तिच्या मनासारखा. कोणत्या डावात जास्त मारते ते पाहिलं की मारून तिला काय हवं असतं ते कळतं. सगळा वेळ डोक्यावर मऊ टोपी, दाराशी नर्स, आणि कानशील जरा लाल झालं की डाव मोडायचा.

मोडावा लागलाच नाही. भिंगरीने जवळजवळ मारलंच नाही! मणी ओवताना एखाददुसरी, तीही हलकी. मला तिचा राग आला. घरी आमचा जीव टांगणीला लावते आणि इथे पाहुण्यांसमोर शहाणी मुलगी.

बाई काचेमागे आल्या. म्हणाल्या, "इथे ती मारत नाही. म्हणजे घरी असं काहीतरी आहे, जे इथे नाही. काय असेल?"

मी म्हटलं, "घरी मी आहे!"

लेक हसली. नर्सही हसली. बाई हसल्या नाहीत, वहीकडे वळल्या. विनोद त्यांना उशिरा कळत असावा.

१९ फेब्रुवारी, बुधवार

बाई आज दिवसभर घरी होत्या. कोपऱ्यात स्टुलावर, माझ्याकडे लक्ष देऊ नका म्हणाल्या. मी कसं देणार नाही? नाश्त्यापासून जेवणापर्यंत त्यांना सगळं समजावून सांगितलं. सकाळ वाईट गेली. भिंगरीने खूप मारून घेतलं, टोपी होती म्हणून निभावलं.

दुपारी त्यांनी मला दूध आणायला पाठवलं. दूध घरात होतं, मी तसं म्हटलंही. पण म्हणाल्या, अजून लागेल, आणि सावकाश या. मी सावकाश आलो. भिंगरी जमिनीवर पालथी पडून झाकण फिरवत होती, पाय हवेत, आणि तोंडाने मधमाशीसारखा बारीक गुंजारव चाललेला. किती दिवसांनी ऐकला तो. मी नसताना कंटाळली असणार बिचारी. मी लगेच शेजारी बसून दूधवाल्याच्या दुकानातली गंमत सांगायला घेतली आणि पाय खाली आले.

जाताना बाईंनी विचारलं, तुमच्या समालोचनाच्या टेप आहेत का?

आहेत का! कपाटभर आहेत.

२० फेब्रुवारी, गुरुवार

दिवसभर टेप निवडत होतो. भिंगरीच्या उपचारात माझा आवाज वापरणार म्हणजे साधी गोष्ट नव्हे. शेवटी अंतिम सामन्याची निवडली. त्यात शेवटच्या मिनिटाला गोल आहे, आणि माझा आवाज तेव्हा घंटेसारखा होता.

लेकीला ऐकवायला तिच्या खोलीत गेलो तर ती फोनवर कोणाला तरी सांगत होती, "दोनच खोल्या असल्या तरी चालतील, पण शांत हव्यात." तिच्या त्या मैत्रिणीसाठी असणार, तिचं घराचं बरेच दिवस चाललंय. मला पाहून फोन ठेवला. म्हणाली, "बाबा, बसा जरा." मी म्हटलं, आधी हे ऐक. ऐकून झाल्यावर तिचं डोकं दुखायला लागलं, मग ती झोपली.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

टेपचा प्रयोग झाला. मला बाहेर बाकावर बसवलं. दारातून माझा आवाज येत होता, पण त्यांचं यंत्र बिघडलेलं असणार. आवाज सुरू व्हायचा आणि मधेच बंद. पुन्हा सुरू, पुन्हा बंद. मधे कोणा बाईने वाचलेली गोष्टीची टेप लागली, ती मात्र सुरळीत चालली. परत माझी, परत तेच तुटक तुटक. मी दार ठोठावून सांगणार होतो की माझा टेपरेकॉर्डर घेऊन येतो, चांगला आहे. नर्सने थांबवलं.

एकदा तर "आणि चेंडू आता" एवढ्यावरच तुटला. जीव कासावीस झाला.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

बाईंनी मला एकट्याला बोलावलं. चहा दिला. मग म्हणाल्या, तुम्हाला एक चित्रण दाखवते, आवाज बंद करून दाखवते.

पडद्यावर भिंगरी. टोपी घालून गालिच्यावर बसलेली, हात मोकळे. मग खांदे वर गेले, मान आत गेली, हात उठला. एक बुक्की. लगेच खांदे खाली. झाकण हातात. मग पुन्हा खांदे वर.

आवाज नव्हता, तरी मी कुठे बोलतोय आणि कुठे नाही ते मला तिच्या खांद्यांवरून कळत होतं. तिने मारलं की बाई टेप बंद करत होत्या. म्हणजे यंत्र बिघडलेलं नव्हतं.

बाई म्हणाल्या, "आजोबा, तुमचा आवाज वाईट नाही. तिच्या कानांना तो एका वेळी फार होतो. आपल्या तोंडावर कोणी टॉर्च धरला तर आपण टॉर्च धरणाऱ्यावर रागावलेलो नसतो, तो जरा बाजूला घ्या एवढंच म्हणायचं असतं. तिला ते म्हणता येत नाही. तिने मारलं की तुम्ही बर्फ आणायला जात होता. तिला तेवढं पुरत होतं."

मी म्हटलं, बरं. चहा संपवला. कप त्यांच्या टेबलावर ठेवून उठलो.

मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. पुढे काय लिहावं सुचत नाही.

८ मार्च, शनिवार

आठवडाभर तोंडाला कुलूप लावलंय. लेकीशी चिठ्ठ्यांवर बोलतो. खुर्च्यांच्या पायांना कापड बांधलं, दाराच्या बिजागऱ्यांत तेल सोडलं, पंखा कुरकुरायचा तोही बंद करून टाकला. भिंगरी मारत नाही. पाय हवेत ठेवून पालथी पडते, गुंजारव करते. उपाय सापडला म्हणायचा. मी नसल्यासारखा राहिलो की झालं.

काल संध्याकाळी लेक चहाचे दोन कप घेऊन समोर येऊन बसली. काहीतरी बोलणार असं वाटलं. माझ्याकडे बराच वेळ पाहिलं, मग "तुम्ही रागावलात का?" विचारलं. मी नाही अशी मान हलवली. तिने कप उचलले आणि गेली.

आज भांडी घासताना एक विचार आला. बायको असताना आम्ही दोघंच माणसं होतो. हिच्याकडे रोज इतकी भांडी यायची कुठून?

११ मार्च, मंगळवार

शेजारच्यांनी भिंतीला ड्रिल लावलं. भिंगरीची टोपी नेमकी वाळत होती. मी धावत जाईपर्यंत तिने डाव्या बाजूला मारून घेतलं होतं, जोरात. मी बोलत नव्हतो, तरीही.

बाईंना फोन केला. या सगळ्या दिवसांत माझे पहिले शब्द ते. त्यांनी ऐकून घेतलं आणि मी गप्प राहतोय हे कळल्यावर पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला.

"आजोबा, घर मुकं करून कसं चालेल? बाहेर ड्रिल आहेत, हॉर्न आहेत, शाळेची घंटा आहे. सगळ्या जगाला तुम्ही कापड बांधणार का? तिला 'पुरे' म्हणता आलं पाहिजे. आणि पुरे म्हणायला शिकायचं तर आधी कोणीतरी बोललं पाहिजे."

"म्हणजे मी बोलू?"

"तुम्हीच बोलायचंय. ती तुम्हाला थांबवणार."

१३ मार्च, गुरुवार

सराव सुरू. पद्धत अशी. मी भिंगरीसमोर बसून हळू आवाजात समालोचन करायचं. बाई तिच्या मागे. तिचे खांदे वर जायला लागले, की हात कानशिलाकडे वळायच्या आधीच बाई तो अलगद धरून माझ्या मनगटावर दोनदा थोपटवतात. थोपटलं की मी गप्प. त्या क्षणी. वाक्य पूर्ण करायचं नाही, शब्दही नाही. आणि तिने मारलंच तर? तर मधे उशी घालायची, हात मनगटावर आणून थोपटवायचं आणि मगच थांबायचं. शांतता थोपटण्यातून यायला हवी, बुक्कीतून नव्हे.

सांगायला सोपं आहे. चौतीस वर्षांची जीभ आहे, ती घसरत पुढे जाते. "चेंडू मधल्या फळीकडे, तिथून डावीक" असं तोडायला गेलो तरी पुढचा 'डे' बाहेर पडतोच. बाई म्हणतात, तुम्ही तिच्यापेक्षा हळू शिकताय.

भिंगरीचा हात गरम असतो. याआधी तिने कधी आपणहून मला हात लावला होता का, ते आठवत बसलो.

१८ मार्च, मंगळवार

आज बाईंनी हात धरला नव्हता. खांदे वर गेले, हात उठला, अर्ध्यावर थांबला, आणि खाली येऊन माझ्या मनगटावर. दोनदा. तिचं तिने.

मी असा थांबलो की जीभ चावली गेली. भिंगरी माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. आवाज खरंच बंद झालाय ना, याची खात्री करत होती. मग झाकण उचललं.

लेक दारात उभी होती. रडत होती आणि हसतही होती. मला तिला हजार गोष्टी सांगायच्या होत्या. बाईंनी बोट ओठांवर ठेवलं.

२२ मार्च, शनिवार

हे लिहायला हात उचलत नाही.

चार दिवस इतकं छान चाललं, म्हणून मी आज अंतिम सामना घेतला. बाई म्हणाल्या होत्या, साधंसुधं काही बोला. पण मला वाटलं, आता ती तयार आहे. टोपीही मीच काढून ठेवली होती, उकडत होतं म्हणून. शेवटचं मिनिट, चेंडू उजवीकडून आत आला, आघाडीचा खेळाडू धावला, आणि भिंगरीने मनगटावर थोपटलं. दोनदा. अगदी शिकवल्याप्रमाणे.

आणि मी गोल पूर्ण केला. "गोऽऽऽल!" आयुष्यात एकही गोल अर्धा सोडलेला नाही.

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं आपण पैसे टाकूनही न उघडणाऱ्या यंत्राकडे पाहतो. मग मारायला लागली. डावीकडेच. मी उशी घालेपर्यंत बुक्क्या बसल्या होत्या.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे धावलो. डोळ्यात थेंब टाकून वाट पाहत बसायचं असतं. त्या बाकावर लेक मधे, भिंगरी तिच्या मांडीवर, मी टोकाला. डोळा जर गेला असता तर मी काय केलं असतं, मला माहीत नाही. डॉक्टरांनी खूप वेळ पाहिलं. पडदा जागेवर आहे म्हणाले. पण असे धक्के आता नकोत.

बाईंना फोनवर खरं काय ते सांगितलं. वाटलं, झापतील. म्हणाल्या, "तिने तिचं काम बरोबर केलं होतं. चूक आपल्या बाजूने झाली. थोपटून काही होत नाही असं तिला वाटायच्या आत दुरुस्त करू. उद्या सकाळी मी येते. टोपी सरावात काढायची नाही."

यापुढे सरावाला फक्त गोलशून्य बरोबरीचे सामने.

३ एप्रिल, गुरुवार

तीन-चार दिवस भिंगरीने मनगटाला हात लावला नाही. माझ्यावरचा विश्वासच उडाला होता, आणि तो का उडू नये? मग बाईंनी मला एका वेळी एकच शब्द बोलायला लावलं. "चेंडू." थोपटणं. शांतता. "गवत." थोपटणं. शांतता. इतकं सोपं केलं की मला चुकताच येऊ नये. हळूहळू गाडी रुळावर आली.

आता पुढची पायरी. तिने थोपटलं की मी तळहात दाखवायचा, म्हणजे 'हो, ऐकलं, जरा थांब', आणि क्षणभराने गप्प व्हायचं. जग काही दर वेळी तत्क्षणी थांबत नाही, तेवढी कळ तिला काढता यायला हवी. आज तिने वाट पाहिली. नाक फुगवून, पण पाहिली.

९ एप्रिल, बुधवार

तिघं दुकानात गेलो होतो. दुकानदार बोलघेवडा, मी दिसलो की त्याची कळी खुलते. दुधाच्या भावावरून त्याने जे सुरू केलं ते थांबेना. भिंगरीने काउंटरवरून हात लांब करून त्याच्या मनगटावर दोनदा थोपटलं. तो गोंधळला आणि बोलतच राहिला.

मी म्हटलं, "अहो, गप्प बसा! लगेच! ती सांगतेय ना!"

दुकानात सगळे माझ्याकडे पाहायला लागले. मी दुसऱ्या कोणाला गप्प बसा म्हणतोय, यावर लेक इतकी हसली की तिला पोत्यावर बसावं लागलं.

१७ एप्रिल, गुरुवार

डोळ्यांची तपासणी. पडदा पक्का बसला आहे. उजवा डोळाही उत्तम. डॉक्टरांनी या खेपेला पेन खाली ठेवून सांगितलं. गेल्या आठवड्यात तिने मारून घेतलं ते फक्त एकदा, तेही पाठीमागून ट्रकचा हॉर्न आला तेव्हा, आणि त्यानंतर लगेच आईचं मनगट शोधलं. बाई म्हणतात, अजून बरंच काम आहे, दात दुखला की काय करायचं, नको असलेलं जेवण कसं नाकारायचं. करू.

जीव भांड्यात पडला. घरी येऊन मी खुर्चीत बसलो, बोलण्यासारखं खूप होतं, पण बोललो नाही. भिंगरी आपली झाकणं घेऊन माझ्या पायाशी आली आणि तिथेच खेळत बसली. बर्फाचा धाक वगैरे काही नव्हता तिला. शेजारी असूनही मी त्रासाचा नाही, हे तिने स्वतः ठरवलं. मला फार बरं वाटलं.

हल्ली लिहिताना ओठ मिटून लिहितो. अक्षर सुधारलंय.

२० एप्रिल, रविवार

जेवताना मी शेजारच्यांच्या नळाची हकिगत सांगत होतो. बाईंनी शिकवल्यासारखी, हळू आवाजात, एकेक वाक्य करत. प्लंबर शिडीवर चढला. शिडी हलत होती. त्याने खिशातून पाना काढला आणि नळाला

मनगटावर दोनदा थोपटलं गेलं. मी थांबलो. आता सवयच झाली आहे.

खाली पाहिलं तर हात मोठा होता. भिंगरी टेबलाच्या पलीकडच्या टोकाला झाकण फिरवत होती, तिचं आमच्याकडे लक्षही नव्हतं. हात लेकीचा होता. नखं लहानपणासारखीच कुरतडलेली.

"बाबा," ती म्हणाली, "मला कधीपासून तुम्हाला काहीतरी सांगायचंय."

मी तळहात दाखवला. हो, ऐकलं. आणि गप्प राहिलो.

तिने दोन खोल्या बघून ठेवल्या आहेत. मैत्रिणीसाठी नव्हेत, स्वतःसाठी. फेब्रुवारीपासून. तळमजला, शांत गल्ली. इथे आल्यापासून भिंगरीचं वाढलं हे तिच्या लक्षात आलं होतं, का तेही थोडंफार कळलं होतं. पण मला कसं सांगावं? सांगायला आली की मी बोलत असायचो. आणि एकटा पडलेल्या माणसाचं बोलणं तोडायला तिचं मन होत नव्हतं. "नंतर तुम्ही एकदम गप्प झालात, तेव्हा तर तोंडच उघडेना." त्या खोल्यांबद्दल हो की नाही, ते उद्या कळवायचं आहे.

माझ्याकडे बोलायला खूप होतं. पाच-सहा वाक्यं तर जिभेवर तयार होती. मी टेबलाची कड धरून बसलो.

मग ती बोलतच राहिली. जावयांबद्दल, ज्यांच्याबद्दल मी इतके दिवस तिला एका शब्दाने विचारलं नव्हतं. आईच्या शेवटच्या दिवसांबद्दल. शस्त्रक्रियेच्या दिवशी ती हॉस्पिटलच्या जिन्यात बसून एकटीच रडली होती आणि मी वर नर्सना किस्से सांगत होतो, त्याबद्दल. रागाने बोलत नव्हती. साचलेलं होतं, ते काढून ठेवत होती. सूप गार झालं. तिचा आवाज तिच्या आईसारखा आहे. मला हे माहीत नव्हतं.

बोलणं संपल्यावर ती बराच वेळ थांबली, मी आता सुरू करेन म्हणून. मी केलं नाही. भिंगरीचं झाकण टेबलावर फिरत फिरत मंद झालं, डगमगलं आणि आडवं पडलं. भिंगरीने ते पुन्हा उभं केलं.

"आम्ही इथेच राहू का, बाबा?" लेकीने विचारलं.

मी हो अशी मान हलवली.

तिने माझं सूप गरम करून आणलं. प्लंबरच्या पान्याचं पुढे काय झालं ते तिने विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.